दुखापतीतून परतलेला खेळाडू आणि संघातली जागा



आपल्या वस्त्यांतली पोरे फुटबॉल खेळतात याचे आम्हाला कौतुक वाटते. एका चेंडूत बावीस जण खेळतात, पॅड-बॅटचा खर्च नाही. पण मैदान खडीचे आणि बूट दुसऱ्याचे असले की दुखापत ठरलेली. मग पोरगा दीड-दोन महिने घरी बसतो, प्लॅस्टर निघते, तो मैदानावर जातो आणि पाहतो तर त्याच्या जागेवर दुसराच खेळतो आहे. घरात रडारड, मंडळात भांडण. "आमच्या पोराची जागा घेतली," असे एक आई म्हणते. दुसरी म्हणते, "माझा पोरगा इतके दिवस राबला, आता त्याला का बसवता?" दोघीही आपल्याच भगिनी आहेत आणि दोघींच्याही बोलण्यात तथ्य आहे.

हा तंटा मोठमोठ्या संघांनाही चुकलेला नाही. १९६६ चा विश्वचषक इंग्लंडमध्ये झाला. जिमी ग्रीव्हज हा त्यांचा नावाजलेला गोल करणारा, देशातर्फे ५७ सामन्यांत ४४ गोल केलेला. गटातल्या फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात त्याच्या पायाला खोल जखम झाली, टाके पडले. त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला. उपांत्यपूर्व सामन्यात अर्जेंटिनाविरुद्धचा एकमेव गोल हर्स्टचाच. ३० जुलैच्या अंतिम सामन्यापर्यंत ग्रीव्हज बरा झाला होता. त्या काळी विश्वचषकात बदली खेळाडू घेण्याची सोयच नव्हती, ती १९७० पासून आली. म्हणजे एक आत, तर दुसरा पूर्ण बाहेर. प्रशिक्षक आल्फ रॅम्से यांनी हर्स्टला ठेवले. हर्स्टने पश्चिम जर्मनीविरुद्ध तीन गोल केले आणि इंग्लंड ४-२ ने जिंकले.

निकाल पाहून सगळेच रॅम्सेला शहाणा म्हणतात. आम्हाला वाटते, हर्स्टने एकही गोल केला नसता तरी तो निर्णय योग्यच होता. ग्रीव्हजला गटातल्या तीन सामन्यांत गोल करता आला नव्हता, आणि जुळलेला संघ मोडायला काही कारण नव्हते. खटकते ते वेगळेच. तेव्हा पदके फक्त अंतिम सामना खेळलेल्या अकरा जणांना मिळाली. ग्रीव्हजच्या हाती पदक पडले ते २००९ साली, त्रेचाळीस वर्षांनी. संघातून वगळणे समजू शकते, पण त्याने केलेले कामही पुसून टाकावे काय?

याच्या उलट २०१९ साली घडले. टॉटनहॅमचा हॅरी केन एप्रिलमध्ये घोट्याच्या दुखापतीने बाहेर गेला. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत अॅमस्टरडॅमला संघ बुडालेला असताना ब्राझीलच्या लुकास मौराने उत्तरार्धात तीन गोल करून तो तारला. १ जूनच्या अंतिम सामन्यात मात्र मधे एकही सामना न खेळलेला केन सुरुवातीपासून मैदानात, आणि लुकास बाकावर. लिव्हरपूलने सामना २-० असा जिंकला. केनमुळे हरले असे आम्ही म्हणणार नाही, पहिला गोल तर दुसऱ्याच मिनिटाला पेनल्टीवर झाला. पण बाकावर बसलेल्या लुकासला त्या दिवशी काय वाटले असेल, हे कोणत्याही कामगाराला सांगायला नको.

आणि घाई केली तर? ब्राझीलच्या रोनाल्डोचा गुडघा नोव्हेंबर १९९९ मध्ये गेला. शस्त्रक्रिया होऊन तो एप्रिल २००० मध्ये परतला आणि काही मिनिटांतच तोच गुडघा पुन्हा तुटला. त्यानंतरचा पुढचा सबंध हंगाम त्याला खेळता आले नाही. २००२ साली प्रशिक्षक स्कोलारी यांनी, लोक रोमारिओसाठी ओरडत असताना, रोनाल्डोला संघात घेतले. त्याने ८ गोल केले, त्यातले दोन अंतिम सामन्यात. पण तो दाखला देऊन कोणी आपल्या पोराला प्लॅस्टर काढल्याबरोबर मैदानावर ढकलू नये. गुडघ्याचे मुख्य लिगामेंट तुटून शस्त्रक्रिया झाली असेल, तर साधारण नऊ महिन्यांच्या आत सामना खेळू नये असा क्रीडावैद्यांचा सल्ला असतो.

कोणी म्हणेल, कामावर जायबंदी झालेल्या माणसाची जागा राखतात, मग खेळाडूची का नको? बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराच्या आजारपणाचा आणि अपघाताचा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर पडू नये, ही शिकवण आपल्याला तिथूनही मिळते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यानेही सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही, की खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते योग्यच आहे, कारण त्यावर घरची चूल पेटते. अकरा जणांतली जागा मात्र कोणाच्या मालकीची नसते. जखमी खेळाडूचा हक्क आहे तो उपचाराचा, संघात नाव कायम राहण्याचा आणि बरा झाल्यावर न्याय्य संधी मिळण्याचा.

हे आधी लिहून ठेवलेले नसले की निवड चार जणांच्या मर्जीवर जाते. आपल्याला मर्जीचा अनुभव जुना आहे. पळवणकर बाळूंसारखा गोलंदाज हिंदू संघाचा कर्णधार झाला नाही, त्यांचे बंधू विठ्ठल यांना तो मान १९२३ साली मिळाला.

म्हणून वस्तीतल्या मंडळांना आमचे सांगणे आहे की, स्पर्धेच्या आधीच कागदावर लिहा. डॉक्टरने हरकत नाही म्हटल्याशिवाय सराव नाही, आणि डॉक्टरवर प्रशिक्षकाने दबाव आणायचा नाही. डोक्याला मार लागलेला मुलगा त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, तो कितीही "बरा आहे" म्हणो. परतलेल्याने आधी सगळ्यांबरोबर पूर्ण सराव करावा, मग शेवटची वीस मिनिटे, मग अर्धा सामना. दोघे तोडीस तोड असतील तर सध्या खेळत असलेला खेळेल. आणि निर्णय दोन्ही पोरांना तोंडावर, कारणासह सांगायचा, फलकावरचे नाव वाचून कळता कामा नये.

जागा जाईल या भीतीनेच पोरे लंगडत खेळतात, घरी सांगत नाहीत. आयांनी रात्री पोराचा घोटा सुजलेला दिसला तर त्याला रागावू नये, सकाळी त्याला दवाखान्यात न्यावे आणि मंडळाला तसे कळवावे. मंडळानेही त्याला सरावाच्या वेळी मैदानाशेजारी बोलवावे, आणि बक्षिसाचे कप वाटताना त्याचे नाव यादीत आहे की नाही ते बघावे.