डोके खाली, पाय वर
एका वाचकभगिनींनी आम्हांस विचारिले आहे की, शस्त्रक्रियेच्या वेळी यजमानांना भूल दिल्यावर डोके खाली व पाय वर असे निजविले होते म्हणे, हे कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. रक्तदाब सावरणारी जहाल औषधे हाताच्या बारीक शिरेतून फार वेळ देणे बरे नव्हे. ती मानेतील मोठ्या नीलेतून देतात. ही नीला पातळ भिंतीची; आत जितके रक्त, तितकीच ती फुगते. उभ्या मनुष्याच्या मानेत ती बहुधा मिटलेलीच असते. मेज डोक्याकडे १०-१५ अंश उतरते केले की रक्त मानेकडे येते, नीला रुंदावते व सुईस वाव मिळतो. दुसरे कारण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते: डोके उंच असता सुईवाटे हवा आत ओढली जाऊन हृदयापर्यंत जाण्याचे भय असते. मान मात्र फार वळवू नये. नीला शेजारच्या रोहिणीवर सरकते. हल्ली ध्वनिलहरींच्या यंत्राने नीला पाहूनच टोचतात.

जर्मन शल्यवैद्य ट्रेन्डेलेनबर्ग (१८४४–१९२४) यांचे नाव या स्थितीस पडले आहे. त्यांनी ती योजिली ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेसाठी.

ज्यांस उताणे निजताच धाप लागते, त्यांना ही स्थिती सोसत नाही. घरच्या मंडळींनी ही गोष्ट भूलतज्ज्ञांच्या कानी आधीच घालावी.