चाक लहान पडले

दिवाळी अंकात मराठीच्या प्राध्यापकाने फराळावर लिहावे, जुन्या आठवणींवर लिहावे, फार तर एखाद्या विसरलेल्या कवीवर लिहावे, असा आपल्याकडे संकेत आहे. यंदा मी इंजिनावर लिहिणार आहे. मराठीच्या मास्तराला इंजिनातले काय कळते, असे वाचकांच्या मनात येईल. माझ्या भाच्याच्याही मनात ते आले होते. त्याने बोलून दाखवले नाही, एवढाच त्याचा चांगुलपणा.

हकीकत गेल्या दिवाळीची आहे. माझी थोरली बहीण नांदेड जिल्ह्यातल्या एका लहान गावी असते. दाजींची शेती बहुतेक कोरडवाहू; विहिरीवर भिजेल तेवढेच हिरवे. अशा घरातला एकुलता एक मुलगा लातूरला बारावीत. 'लातूर पॅटर्न' हे दोन शब्द आमच्या मराठवाड्यात किती घरांच्या देव्हाऱ्यात जाऊन बसले आहेत, ते मी सांगायला नको. मुलाने तिथे दोन वर्षे मान मोडून अभ्यास करावा आणि डॉक्टरकीला लागावे, या हिशेबावर दाजींनी कर्ज काढलेले. शिकवणीला दिवाळीची सुट्टी जेमतेम चार दिवसांची, म्हणून मुलगा घरी आला नाही. आणि पाडव्याच्या सकाळी अक्काचा मला फोन आला.

"भाऊ, पोरगं रात-रात जागून कॉम्प्युटरवर इंजिनं आन् गाड्या बनवायलंय म्हणे. खोलीवरच्या पोरानंच सांगितलं. तू जा आन् ते यंत्र काढून आण. फुलसावंगीचं ध्यानात हाय ना तुझ्या?"

फुलसावंगीचे माझ्या ध्यानात होते. ते पुढे सांगतो.

फराळाचा डबा मांडीवर घेऊन मी नांदेडहून एस.टी.त बसलो. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे पडत होती आणि मी मनातल्या मनात व्याख्यान तयार करीत होतो. बापाचे कर्ज, आईची काळजी, गेलेली वेळ परत येत नाही हा सिद्धान्त. मालमसाला भरपूर होता. तीन तासांच्या प्रवासात असे व्याख्यान चांगले मुरते.

खोलीत तीन खाटा होत्या. भिंतीवर सूत्रांचे कागद असे चिकटवले होते की रंग कोणता ते कळू नये. चिरंजीव खाटेवर मांडी घालून लॅपटॉपपुढे बसले होते. मी आल्याचे कळायला त्याला थोडा वेळच लागला.

"काय करायलास रे?"

"इंजिन बनवायलोय, मामा. सुरूच होईना."

व्याख्यानाची सुरुवात करायची ती हीच वेळ होती. पण 'सुरूच होईना' हे शब्द त्याने अशा काकुळतीने उच्चारले की मी डबा खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी बसलो.

पडद्यावर चित्र होते; परंतु नुसते चित्र नव्हे. काढलेल्या प्रत्येक आकाराला तिथे वजन होते. वर्तुळ काढले आणि काळ चालू करण्याची कळ दाबली, की ते खाली पडे, उतारावर ठेवले तर गडगडे. दोन फळ्या बिजागरीने जोडता येत, स्प्रिंग लावता येई, पाणी ओतता येई, घर्षण कमीजास्त करता येई, आणि वाटल्यास गुरुत्वाकर्षणच बंद करून टाकता येई! या प्रकाराचे नाव अल्गोडू. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठात एमिल एर्नरफेल्ट या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रबंधासाठी २००८ मध्ये तो 'फन' या नावाने केला. पुढे एका कंपनीने वाढवला आणि नवे नाव दिले. आज तो फुकट मिळतो. जगभरची मुले त्यात घड्याळे, तोफा, मोटारी आणि चालती इंजिने बांधतात.

मला एकदम आमच्या चिपाडाच्या गाड्या आठवल्या. ज्वारीची काढणी झाली की धाटे सोलायची. पांढऱ्या गाभ्याचा तुंबा, सालीच्या चिंबळ्यांचे आरे, सालच वाकवून केलेली धाव. खिळा नाही, डिंक नाही. साल गाभ्यात टोचली की सांधा तयार. गाडी दोन हात चालायची आणि तिसऱ्या हाताला चाक कलायचे. मग नवे धाट! आमच्या वेळी धाटांना तोटा नव्हता, म्हणूनच गाडी करता आली, हे मला त्या खाटेवर बसल्यावर कळले. दर मोडीला चार आणे पडते, तर घरच्यांनी दुसऱ्याच गाडीला हात धरला असता.

असो. भाच्याचे इंजिन एका सिलिंडरचे होते. दट्ट्या, त्याला जोडलेला दांडा, दांड्याने फिरणारा क्रँक आणि क्रँकवर एक चाक. पेट्रोल त्या जगात नाही. दट्ट्याच्या डोक्यावर बारीक गोळ्यांचा लोट नेमक्या क्षणी उसळवून स्फोटाचे काम भागवायचे. कळ दाबली. ढकला बसला, चाक अर्धा फेरा फिरले, आणखी थोडे रेंगाळले, दट्ट्या वर चढू लागला. आणि चढणीवर बैल थांबावा तसा मध्येच थांबून उलटा खाली आला. "आठ दिवस झाले," भाचा म्हणाला. "स्फोट वाढवला तर दांडा निखळायलाय. कमी केला तर हे असं."

आता वाचकांना एक कौटुंबिक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर डिझेल इंजिन होते. ते सुरू करणे हा दोन माणसांचा सोहळा असे. वडील हँडल घालून चाक फिरवीत. मी वरची कळ उचलून धरी, म्हणजे आतला दाब मोकळा राही आणि चाक हलके फिरे. चाकाने चांगला वेग घेतला की वडील ओरडत, "सोड!" मी कळ सोडी, आणि धूर ओकून इंजिन बोलू लागे. त्या एवढ्याशा इंजिनाला एवढे बोजड चाक कशाला, असे मी एकदा विचारले होते. वडील शाळेत चौथीपर्यंतच गेलेले. ते म्हणाले, "चार पावलांत एकदाच कमवायचं, आन् तीनदा खायचं. साठवण नको व्हय?"

नंतर मला कळले की ते अगदी शास्त्रशुद्ध होते. अशा इंजिनाची पावले चार: हवा आत घेणे, ती दाबणे, पेट घेणे आणि धूर बाहेर टाकणे. जोर मिळतो तो फक्त तिसऱ्या पावलाला, म्हणजे चाकाच्या दोन फेऱ्यांत एकदा. शिवाय दट्ट्या अगदी माथ्यावर किंवा अगदी तळाशी असला, की दांडा आणि क्रँक एका रेषेत येतात. तिथे कितीही ढकला, चाक फिरत नाही. ती खिंड ओलांडून नेतो तो चाकाने साठवलेला वेग.

मी भाच्याला म्हटले, "बाबा रे, तुझे चाक लहान पडले."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग पडद्याकडे पाहिले. मग आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. "मोमेंट ऑफ इनर्शिया!" तो ओरडला. "मामा, याच्यावरची गणितं मी दोनशे तरी सोडवली असतील!"

वाचक हो, माझे व्याख्यान तिथेच संपले. मुलाला सूत्र पाठ होते. तेच वजन मध्यापासून दुप्पट अंतरावर नेले तर फिरण्यातले जडत्व चौपट होते, हे तो झोपेतही सांगता. चार पर्यायांपैकी बरोबर पर्यायावर खूण करायला त्याला अर्धे मिनिट पुरे. पण तेच सूत्र इंजिनाचे चाक होऊन आठ दिवस समोर अडून बसले होते, आणि त्याने त्याला ओळखले नव्हते.

त्याने चाकाचे वजन कडेला नेले, व्यास वाढवला. पहिल्यांदा इंजिन जागचे हलेना. मग विहिरीवरच्यासारखे, आधी बाहेरून फिरवून वेग दिला. आणि ते चालले! इतके चालले की थोड्या वेळाने दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीतून आरपार बाहेर पडला. याचेही कारण त्याने मला समजावून दिले. तो संगणक काळाचे बारीक तुकडे करून दर तुकड्याला प्रत्येक वस्तूची जागा ठरवतो. वस्तू फार वेगात असेल, तर एका तुकड्यात ती भिंतीच्या अलीकडे असते आणि दुसऱ्यात पलीकडे. मधली भिंत तिला भेटतच नाही. आम्ही दोघेही खूप हसलो आणि करंज्यांचा डबा उघडला.

आमच्या व्याकरणात प्रयोग तीन: कर्तरी, कर्मणी आणि भावे. रंगभूमीवर होतो तोही प्रयोग आणि विज्ञानाच्या तासाला होतो तोही प्रयोगच. यांतला शेवटचा आपल्याकडे बराचसा रंगभूमीवरच्यासारखा होतो. शेवट आधी ठाऊक असतो. वहीत उत्तर आधी उतरते आणि निरीक्षणे त्याला जुळवून मागाहून लिहिली जातात. चुकण्याला तिथे जागा नाही, कारण चुकण्याला गुण नाहीत. ती जागा त्या मुलाला पडद्यावर सापडली होती, आणि ती काढून आणायला मी निघालो होतो.

तरीही अक्काची भीती खोटी नव्हती. फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातले गाव. आमच्या नांदेडपासून फार लांब नाही. तिथल्या एका तरुणाने, पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम करता करता, इंटरनेटवरची चित्रे पाहून एका माणसाचे हेलिकॉप्टर बांधले. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणीच्या वेळी त्याचे पाते तुटले, डोक्याला लागले आणि तो गेला. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव हे पेशाने वैमानिक. त्यांचे विमान २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. फुलसावंगीच्या त्या मुलाची हिंमत तिळभरही कमी नव्हती. त्याच्यापाशी नव्हते ते मोडून पाहण्याचे ठिकाण, आणि 'थांब, आधी लांबून दोरी बांधून फिरव' असे म्हणणारे जाणते माणूस.

म्हणून मी भाच्याला विचारले, "तुझ्या या जगात लोखंड थकते का?" तो गोंधळला. मी म्हटले, "गंज चढतो का? नट झिजतो का? हात भाजतो का?" तो म्हणाला, "नाही, मामा." म्हटले, "मग हे लक्षात ठेव. इथे चाललेले इंजिन बाहेर चालेलच असे नाही."

यंत्र मी आणले नाही. करार केला: रोज रात्री एकच तास, आणि काय मोडले व का मोडले हे मराठीत एका वहीत लिहायचे. मराठीच्या मास्तराने दुसरे काय मागावे? वही त्याने प्रामाणिकपणे भरली. शुद्धलेखनाविषयी मी येथे काही बोलत नाही.

आता निकाल. तो सांगितला नाही तर ही हकीकत खोटी होईल. वैद्यकीयला लागावेत इतके गुण त्याला पडले नाहीत. दाजी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. वहीचा तास मोडला असता तर गुण वाढले असते की काय, हे मला सांगता येत नाही, आणि रात्री कधी कधी हा प्रश्न माझ्यापुढे येऊन बसतो. मुलगा आता अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. कर्ज अजून फिटायचे आहे.

उन्हाळ्यात त्याने आमचे ते विहिरीवरचे जुने इंजिन कोठ्यातून बाहेर काढले. पहिल्याच दिवशी गंजलेला नट सोडवताना पाना निसटून बोट फुटले. अक्काने हळद भरली आणि माझा उद्धार केला. दट्ट्या सिलिंडरमध्ये चिकटला होता. तो रॉकेल घालून सुटायला पाच दिवस लागले. वहीत त्या तारखेला एकच ओळ आहे: 'इथे मागे घेण्याची कळ नाही.'

इंजिन अजून सुरू झालेले नाही. दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत. परवा दाजींचा फोन आला. कर्जाचे काही बोलले नाहीत, निकालाचेही नाही. एवढेच म्हणाले, "भाऊ, कड्या मी नांदेडहून आणल्यात. पोरगं पाडव्याला घरी यायलंय. तुम्ही बी या. वरची कळ धरायला माणूस लागतंय."