आठवण कोणाची ?

सुटीचे दिवस समीप आले, म्हणजे घरोघरीं प्रवासाचा विचार सुरू होतो. तरुण मंडळी काश्मीर, केरळ अशीं नांवें घेतात. वडील माणसें मात्र बहुधा एखाद्या जुन्या, परिचित गांवाचा आग्रह धरतात. ‘आम्ही लहानपणीं तेथें जात असूं’ एवढेंच त्यांचें कारण असतें. हें कारण दुबळें आहे, असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. अपरिचित स्थळीं मनुष्य केवळ प्रेक्षक असतो. आठवणीच्या गांवीं त्याला स्वतःच्या आयुष्याचा एक भाग पुन्हां भेटतो. परंतु असें गांव निवडतांना एक प्रश्न अवश्य विचारला पाहिजे, आणि नेमका तोच बहुधा राहून जातो : ही गोड आठवण घरांतल्या कोणाची ?

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकांत लक्ष्मण रामसीतेला त्यांच्या गतायुष्याचीं चित्रें दाखवितो. वनवासाचीं चित्रें पाहून सीतेला त्याच वनांत पुन्हां हिंडण्याची व भागीरथींत स्नान करण्याची इच्छा होते. पण तीं चित्रें सर्वांना सारखींच सुखद नाहींत. शूर्पणखा दिसतांच सीता घाबरते, तर जनस्थानाचें चित्र येतांच रामाचे डोळे भरून येतात. स्थळ एक, प्रसंगही एकत्र भोगलेले. तरी ज्याचें त्याचें सुखदुःख निराळें. एकत्र कुटुंबाच्या आठवणींचेंही असेंच असतें.

गेल्या वर्षीं आमच्या घरीं वाईचा बेत निघाला. आमच्या थोरल्या भगिनी आक्का हिचें बालपण वाईसच गेलें. कृष्णेचे सात घाट, पाठीला भोपळा बांधून केलेला पोहण्याचा श्रीगणेशा, पाळीपाळीनें घाटाघाटांवर होणारा कृष्णाबाईचा उत्सव, गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ, आणि पुराचें पाणी दुभंगावें म्हणून माशाच्या आकाराची रचलेली त्याची मागील भिंत, हें सर्व ती इतक्या रसाळपणें सांगे कीं, नातवंडेंही राजी झालीं. त्यांतून २००४ सालच्या ‘स्वदेस’ या चित्रपटाचें चित्रण जवळच्या मेणवलीस झालेलें. त्यामुळें त्यांच्या उत्साहाला आणखी एक निमित्त मिळालें.

या सर्व गडबडींत थोरल्या वहिनी मात्र गप्प होत्या. आक्काचें जें माहेर, तेंच वहिनींचें सासर. १९६८ सालीं लग्न होऊन त्या वाईच्या वाड्यांत आल्या, आणि पुढें अकरा वर्षें त्या घराचा भार त्यांनीं वाहिला. उन्हाळ्याच्या सुटींत वाड्यावर पंधरा मुलें जमत. त्यांचे आमरस, कुरडया, पापड आणि चांदण्यांतल्या पंगती आम्हां सर्वांच्या स्मरणांत आहेत. परंतु तो रस कोणी काढला आणि त्या पंगतींचीं भांडीं कोणी घांसलीं, हें ज्याच्या हातांना ठाऊक, त्यालाच ठाऊक.

आमच्या सूनबाईनें वहिनींचें तें मौन ओळखलें, आणि एके दुपारीं जवळ बसून विचारलें, “काकू, तुम्हांला वाईस यावेंसें वाटत नाहीं का ?”

वहिनी हंसून म्हणाल्या, “अगं, अकरा वर्षें वाईस होतें, पण वाई मीं पाहिलीच नाहीं. घाटावर गेलें ती धुण्याची बादली घेऊन. आणि परतलें ती स्वयंपाकाला उशीर होईल म्हणून. मेणवली कोसभर अंतरावर, पण नाना फडणविसांचा वाडा देखील राहूनच गेला. मला न्यायचें असेल तर घाटावर नुसती बसूं द्या.”

बेत रद्द झाला नाहीं. त्याचें स्वरूप तेवढें पालटलें. स्वयंपाकाचें सामान बरोबर घ्यावयाचें नाहीं, दोन्ही दिवस भोजन बाहेर करावयाचें, आणि पहिली सकाळ वहिनींची, असें ठरलें. गांव पूर्वींचें राहिलेलें नाहीं, हेंही मुलांना आधींच सांगून ठेविलें. वाई सोडतांना विकलेल्या आमच्या वाड्याच्या जागीं आज दुमजली इमारत आहे, आणि वरच्या बाजूस धोमला धरण झाल्यापासून कृष्णेचा ओघही बदललेला आहे.

त्या सकाळीं वहिनी गणपतीच्या घाटावर दहा वाजेपर्यंत बसून होत्या. कोणीं त्यांना हांक मारली नाहीं. दुपारीं मेणवलीस गेलों. १७३९ च्या विजयानंतर वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा मुलांनीं पाहिली, तेथील घाटाच्या पायऱ्या मोजल्या. मग सावलींत बसल्यावर वहिनी आपण होऊन बोलूं लागल्या : पहांटे चारला उठून नदीवर जाणाऱ्या लेकीसुना, एकमेकींच्या बादल्या धरून चाललेलें कुजबुजणें, आणि पाण्याच्या आवाजांत कोणास कळणार नाहीं अशा बेतानें रडून घेणें. मुलें ऐकत होतीं. आक्का तर अगदीं स्तब्ध झाली होती. थोड्या वेळानें ती म्हणाली, “वहिनी, घर तर एकच होतें, मला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें.” वहिनी एवढेंच म्हणाल्या, “तुम्ही तेव्हां पोहत होतां, आक्का.” त्या बोलण्यांत कडवटपणा नव्हता, पण तें वाक्य आम्हां सर्वांच्या मनांत राहिलें आहे.

आठवणीच्या गांवीं जाण्याचें खरें फळ हेंच, असें आम्हांस वाटतें. तेथें जाऊन जुनें सुख जसेंच्या तसें परत मिळत नाहीं. परंतु एका घरांतल्या माणसांच्या निरनिराळ्या आठवणी एका जागीं येतात, आणि कुटुंबाचा इतिहास थोडा अधिक पुरा होतो. मात्र जाणत्या माणसांची वाचा आणि पाय शाबूत आहेत तोंवरच हें साधतें. काश्मीर दहा वर्षांनींही पाहतां येईल. घाटावर बसून सांगणारी वहिनी तेव्हां असेलच असें नाहीं.

म्हणून वाचकांस विनंती अशी कीं, यंदाचें ठिकाण ठरवितांना ज्यानें गांव सुचविलें त्याचें वर्णन अवश्य ऐकावें; पण त्यानंतर घरांत जें माणूस गप्प असेल, त्यालाही विचारावें. तेथें तुम्ही काय केलेंत, आणि काय करावयाचें राहून गेलें, हे दोन प्रश्न पुरे आहेत. उत्तर मिळालें म्हणजे प्रवासाचा पहिला दिवस त्या राहिलेल्या गोष्टीसाठीं ठेवावा.