कुंपणावर नजर कोणाची?

हैदराबादच्या कोठी भागातील एखाद्या चौकात आज कोणी उभा राहिला, तर आपल्या मस्तकावर किती यांत्रिक डोळे रोखलेले आहेत, हे त्याला मान वर केल्यावाचून कळावयाचे नाही. आणि मान वर केली तरी त्या डोळ्यांमागे कोण बसले आहे, पाहिलेले तो किती दिवस जपून ठेवणार आहे आणि कोणाच्या हाती देणार आहे, हे तर मुळीच कळावयाचे नाही. नागरिक उजेडात आणि सत्ता अंधारात, अशी ही व्यवस्था आहे. लोकशाहीत याच्या नेमके उलट असावयास हवे, असे आम्ही समजत होतो.

हैदराबादची उठाठेव आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. कोठी, सुलतान बाजार, इसामिया बाजार हा परिसर मराठी माणसाला परका नाही. विवेक वर्धिनीसारखी संस्था तेथे शंभराहून अधिक वर्षे उभी आहे, आणि बिदरपासून औरंगाबादपर्यंतचा मुलूख १९५६ पर्यंत त्याच राजधानीकडे तोंड करून होता. पण त्याहून जवळचे कारण असे की, हैदराबादेत जे रुजले ते आता आपल्याही उंबरठ्याशी आले आहे. २०१५ साली सुरू झालेल्या स्मार्ट सिटी योजनेतून देशातील १०० शहरांत, ज्याला सरकारी भाषेत 'कमांड अँड कंट्रोल सेंटर' म्हणतात, ती केंद्रे उभी राहिली. आणि त्या योजनेच्या अगदी पहिल्या यादीत बेळगावचे नाव होते. तेव्हा शेजाऱ्याच्या अनुभवावरून शहाणे व्हावयाचे की स्वतः ठेच लागेपर्यंत वाट पाहावयाची, एवढाच प्रश्न आहे.

प्रथमच स्पष्ट सांगतो, कॅमेऱ्यास आमचा सरसकट विरोध नाही. २५ ऑगस्ट २००७ रोजी याच कोठीतील गोकुळ चाट भांडार आणि लुंबिनी उद्यान या दोन ठिकाणी बॉम्बस्फोट होऊन ४० हून अधिक निरपराध माणसे प्राणास मुकली. २१ फेब्रुवारी २०१३ रोजी दिलसुखनगरात पुन्हा तेच घडले. ज्या घरातले माणूस संध्याकाळी घटकाभर फिरावयास गेले ते परत आलेच नाही, त्या घराने कॅमेरे मागितले तर त्याला दोष देणारा माणूस करंटाच म्हटला पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला, तेव्हा तेथील कॅमेऱ्यांचे चित्रण पुढे खटल्यात पुरावा म्हणून उपयोगी पडले, हेही आम्ही विसरलेलो नाही. पण त्या उदाहरणाचा उत्तरार्धही विसरता कामा नये. त्या कॅमेऱ्यांनी हल्लेखोर टिपले. हल्ला थोपविला नाही. कॅमेरा हा साक्षीदार आहे, शिपाई नव्हे. साक्षीदाराला शिपायाचा पगार द्यावयाचा आणि शिपायाच्या जागा मात्र रिकाम्या ठेवावयाच्या, याला बंदोबस्त म्हणत नाहीत.

हे केवळ आमचे मत आहे असे नव्हे. भर शहरात कॅमेरे बसविण्याचा फार मोठा प्रयोग ब्रिटनने केला. तेथील गृहखात्यासाठी २००५ साली अशा अनेक योजनांची पाहणी झाली, तेव्हा बहुतेक ठिकाणी गुन्हे घटल्याचे श्रेय कॅमेऱ्यांच्या पदरात टाकता आले नाही. २०१९ साली ४० वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गुन्ह्यांत सरासरी १३ टक्के घट दिसली खरी, पण तिचा मोठा वाटा वाहनतळांवरचा होता. मारहाणीसारख्या हिंसक गुन्ह्यांवर लक्षणीय परिणाम दिसून आला नाही. मोटारी चोरीस जाऊ नयेत म्हणून वाहनतळावर कॅमेरा जरूर लावावा. परंतु बायकामुलांच्या सुरक्षिततेचे नाव पुढे करून गावाचा गाव भिंगाखाली धरावयाचा असेल, तर तो आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार होय.

हैदराबादेत हा कोहळा कसा काढला गेला ते पाहा. २०१३ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याने लोकांची वर्दळ असलेल्या आस्थापनांना कॅमेरे लावणे, चित्रण ३० दिवस जपणे आणि पोलीस निरीक्षकाने मागताच ते हवाली करणे भाग पडले. दुकानदाराने आपला गल्ला राखण्यासाठी स्वखर्चाने लावलेला डोळा अशा रीतीने सरकारचा डोळा झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये बंजारा हिल्सवर सुमारे ६०० कोटी रुपये खर्चाच्या गगनचुंबी नियंत्रण केंद्राचे उद्घाटन झाले. आणि मध्यंतरी पोलिसांच्या हाती चेहरा ओळखणारे यंत्र आले, तेव्हा पाहण्याचे रूपांतर ओळखण्यात झाले. हा फरक लहानसहान नाही. पाहणारा म्हणतो, 'चौकात कोणी उभे आहे.' ओळखणारा म्हणतो, 'अमुक गृहस्थ, अमुक पेठेत राहणारे, काल सभेला गेले होते, आज येथे उभे आहेत.'

मे २०२१ मध्ये हैदराबादच्या जुन्या शहरात पोलिसांनी एका सामाजिक कार्यकर्त्याला रस्त्यात अडविले आणि तोंडावरचा मास्क काढावयास सांगितले. दिवस साथीचे होते. त्याने नकार दिला, तरी त्याचे छायाचित्र घेतले गेले. गुन्हा कोणता, आरोप कोणता, कायदा कोणता? हेच प्रश्न घेऊन तो उच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारला नोटीस काढली. त्यापूर्वी काही आठवडे, नोव्हेंबर २०२१ मध्ये, ॲम्नेस्टी या संस्थेने त्याच शहरातील काला पत्थर आणि किशन बाग या दोन वस्त्यांची मोजदाद प्रसिद्ध केली. पहिल्या वस्तीचा किमान ५३.७ टक्के आणि दुसरीचा किमान ६२.७ टक्के भाग कॅमेऱ्यांच्या टापूत असल्याचे तीत आढळले.

यावर एक ठरीव उत्तर मिळते: ज्याने काही केले नाही त्याने भ्यावे कशाला? युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. मग हे म्हणणारे गृहस्थ आपल्या घरी येणारी पत्रे पोलीस चौकीवर फोडून वाचू देतील काय? घराला दार असते ते घरात चोरीचा माल असतो म्हणून नव्हे. शिवाय यंत्र चुकते, त्याचे काय? दिल्लीच्या पोलिसांनी २०२२ साली माहिती अधिकाराखाली दिलेल्या उत्तरावरून असे दिसले की, ८० टक्क्यांहून अधिक साम्य आढळले की चेहरा जुळला असे तेथे धरले जात होते. आता साधा त्रैराशिकाचा हिशेब करा. समजा, यंत्र हजारात एकदाच चुकते आणि एका बाजारपेठेतून दिवसाकाठी लाखभर माणसे जातात. तर रोज शंभर निरपराध माणसांवर संशयाचा शिक्का बसेल. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती एकदा नव्हे, तर रोज शंभरदा! आणि ज्याचा चेहरा मोर्चात, सभेत, हरताळात टिपला जाईल तो पुढच्या मोर्चाला येण्यापूर्वी दहा वेळा विचार करील. शस्त्राविना शांततेने एकत्र जमण्याचा हक्क घटनेने दिला आहे, तो असा न बोलता काढून घेता येतो. रस्त्यावर उतरून आपले म्हणणे मांडण्याची ज्यांना सवय आहे, त्या आमच्या वाचकांना हे अधिक फोडून सांगावयास नको.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यावर मर्यादा घालावयाची तर कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय उद्देशाच्या मानानेच हवा. पण २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा उघडून पाहावा, तर गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यासाठी होणाऱ्या कामाला त्यातील बहुतेक बंधनांतून सूट! दार बसविले आणि कडी बाहेरून लावली, अशातला हा प्रकार आहे.

आणि आता या साऱ्या प्रकरणातील खरी गोम. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा दिली की, देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात, येण्याजाण्याच्या प्रत्येक दारावर कॅमेरे लावा. त्यांत आवाजही टिपला जाऊ द्या. चित्रण १८ महिने, आणि तशी सोय नसेल तर निदान एक वर्ष, जपा. या आज्ञेचे काय झाले? सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला स्वतःहून पुन्हा दखल घ्यावी लागली, कारण राजस्थानात सात-आठ महिन्यांत पोलीस कोठडीत ११ माणसे मेल्याचे वर्तमानपत्राने छापले होते. चौकातल्या कॅमेऱ्यासाठी पैसा आहे, वीज आहे, तंत्रज्ञ आहेत, मजल्यांवर मजले आहेत. कोठडीतल्या कॅमेऱ्याची वेळ आली की कधी तो बंद असतो, कधी बसवलेलाच नसतो! दिव्याखाली अंधार असतो, हे आम्ही ऐकून होतो. पण अंधार राखून मग दिवा लावावयाचा, ही रीत नवी आहे. ज्या कुंपणाने शेत राखावयाचे, त्या कुंपणावर नजर ठेवू न देणाऱ्याच्या हाती शेताची प्रत्येक ओंबी मोजण्याचा अधिकार द्यावा काय?

लोकांनी मनात आणले तर हे रोखता येते. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात मुसलमान वस्ती असलेल्या दोन भागांत दोनशेहून अधिक कॅमेरे उभारले गेले. रहिवाशांना सांगितले, नेहमीच्या चोऱ्यामाऱ्यांसाठी. पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतला निघाला. २०१० साली हे उघडकीस येताच लोक खवळले. आधी कॅमेऱ्यांवर पिशव्या चढल्या आणि २०११ मध्ये ते उतरवावे लागले. तेथे कोणी दगड मारला नाही; नागरिकांनी हिशेब मागितला, एवढेच.

तोच हिशेब आपणही मागितला पाहिजे. आपल्या शहरात कॅमेरे किती आणि कोठे, याची यादी महापालिकेने मराठीसह लोकांना समजेल अशा भाषेत जाहीर करावी. चित्रण किती दिवस राहते, कोण पाहतो, कोणाला देतो, हे लेखी नियमांनी बांधावे. कॅमेऱ्यांपूर्वी गुन्हे किती होते आणि नंतर किती झाले, याचा आढावा दरसाल त्रयस्थाकडून घ्यावा. चेहरा ओळखण्याचे यंत्र, त्यासाठी स्वतंत्र कायदा होईपर्यंत, वापरू नये. आणि सर्वांत आधी, बाजारात एकही नवा कॅमेरा लावण्यापूर्वी, पोलीस ठाण्यातील प्रत्येक कॅमेरा चालू असल्याचे दाखवून द्यावे. नगरसेवक मते मागावयास दारी येतील, तेव्हा त्यांना हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तर मिळाल्यावाचून सोडू नका.

म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो. आज एका चौकातील एका खांबाचा प्रश्न आहे, म्हणून जे गप्प बसतील, त्यांना उद्या आपल्याच आळीत मान खाली घालून चालावे लागेल. नजर ठेवावयाची असेल तर ती दोन्ही बाजूंनी ठेवली जावो. ज्याला दिसावयाचे नाही, त्याला पाहण्याचाही अधिकार नाही.