बातमीत न मावलेले गाव

वाचकहो, फराळाचे ताट घटकाभर बाजूला सारा आणि रोजच्या वर्तमानपत्राकडे पाहा. बातमीत काय घडले एवढेच आपण वाचतो. ते कोणत्या शब्दांत सांगितले, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. शब्दाने काय फरक पडतो, हे धाराशिव जिल्ह्याला विचारावे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि दगडमातीची जड घरे झोपलेल्यांच्या अंगावर आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद अशा दोन जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. बातमीत मात्र तो झाला ‘लातूरचा भूकंप’, नाहीतर ‘किल्लारीचा’. आजच्या लोहारा तालुक्यातल्या सास्तूरमध्येही घरे कोसळली, माणसे दगावली. पण भूकंपाची आठवण निघाली की सास्तूरचे नाव किती जणांच्या ओठी येते?

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. केंद्रबिंदू किल्लारीच्या परिसरात, म्हणून ते नाव पुढे आले. मथळ्याला जागा थोडी, छपाईची वेळ टळून चालत नाही, आणि एकाने रूढ केलेले नाव दुसरा उचलतो. दैवाची थट्टा अशी, की १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा निघेपर्यंत किल्लारीदेखील उस्मानाबाद जिल्ह्यातच होती!

दुसरी खोड ‘करण्यात आले’ची. ‘टँकर बंद करण्यात आले’, ‘मदत देण्यात येईल’. कोणी बंद केले? मदत कोण देणार, आणि केव्हा? सरकारी पत्रकाची भाषा घाईघाईत तशीच छापली जाते आणि वाक्यातला कर्ता वाटेतच गळतो. पाण्याला पारख्या झालेल्या मुलखात हे महागात पडते. गाऱ्हाणे कोणाच्या दारी न्यायचे तेच कळत नाही. ‘समजते’, ‘कळते’ यांचेही तसेच. बातमीदाराला कधीकधी सांगणाऱ्याचे नाव झाकावे लागते, हे मान्य. पण ते झाकले आहे एवढे तरी त्याने लिहावे.

तेव्हा या सुट्टीत मुलांना एक खेळ द्या. एक बातमी कापून पुढ्यात ठेवा आणि तीन प्रश्न विचारा : हे कोणी केले? हे कोणी सांगितले? आणि यात कोणाचे नाव राहून गेले? शेजारी जिल्ह्याचा नकाशाही असू द्या. तिसऱ्या प्रश्नाला तो हटकून लागतो.