पंगत कोणाची, ताट कोणाचे?

अन्न पोट भरते, तसेच ते माणसाची पायरीही ठरवते. कोण कोणाच्या पंगतीला बसतो आणि ताटात काय वाढायचे हे कोण सांगतो, यात समाजाची सारी उतरंड दिसते.

ग्वाल्हेरचा इतिहास याची साक्ष देतो. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी येथे तळ ठोकला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. मराठा फौजेबरोबर बाजार चाले. वाणी दाणागोटा पुरवीत, सराफ उधारी सांभाळीत. पोटापाण्याची ही व्यवस्था कोलमडली की मोहीमही कोलमडे. महाराज बाड्याजवळचा सराफा बाजार पाहताना राज्याची ही बाजू विसरता येत नाही.

१८७४ मध्ये ग्वाल्हेरातच शिंद्यांचा जयविलास राजवाडा उभा राहिला. तेथील जेवणाच्या मेजावर रूळ आहेत. त्यांवरून चांदीची चिमुकली आगगाडी मद्य आणि चिरूट घेऊन पाहुण्यांपुढे फिरे. कोणी तिच्यावरची मद्याची सुरई उचलली की गाडी जागीच थांबे. भुकेशी तिचा संबंध नव्हता. संस्थानाचा रुबाब पाहुण्यांच्या डोळ्यांत भरावा, हाच हेतू.

महाराष्ट्रात तर चहाच्या एका कपाने वादळ उठवले. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधील चहापानावरून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचे प्रकरण, झाले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. पुढे कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले, तेव्हा राजर्षी शाहू महाराज तेथे जाऊन सर्वांदेखत चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. विटाळ मोडण्याचा तो राजमान्य धडा होता.

आज ताटावर सरकारची सत्ता चालते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला सवलतीच्या धान्याचा हक्क दिला. ही मोठी कमाई आहे. पण २०१५ मध्ये मध्य प्रदेशच्या काही जिल्ह्यांतील अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव राज्य सरकारनेच नाकारला. ज्या राज्यात तेव्हा पाच वर्षांखालील दर तीन मुलांमागे एकाहून अधिक मूल वयाच्या मानाने खुजे होते, तेथे हा निर्णय अन्यायाचा ठरतो. ज्यांना अंडे वर्ज्य आहे त्यांना दूध-फळे जरूर द्यावीत. मात्र एकाचा सोवळेपणा दुसऱ्याच्या कुपोषित मुलावर लादू नये. अंगणवाडीतले ताट मुलाच्या गरजेने आणि त्याच्या घरच्या आहाराने ठरले पाहिजे.