टॉवेलचा दांडा आणि आधाराचा दांडा

घराचे नूतनीकरण काढले की स्नानगृहावर विशेष हौस केली जाते. आरशासारखी फरशी, काचेचा आडोसा, चकाकणारे नळ. पाहुण्यांच्या नजरेत भरणारी ही शोभा घरातील ज्येष्ठांना मात्र रोज पहाटे जोखमीची ठरते. पूजेपूर्वीचे स्नान घर जागे होण्याआधी उरकण्याची त्यांची जुनी सवय. साबणाने फरशी निसरडी झालेली असते आणि तोल गेला की हात आपसूक टॉवेलच्या दांड्याकडे जातो.

तो दांडा टॉवेल पेलण्यासाठी असतो, माणूस पेलण्यासाठी नव्हे. जोराचा हिसका बसताच भिंतीतून निखळतो. आधाराचा दांडा वेगळाच असावा लागतो. तो मुठीत मावेल असा, सुमारे 35 मिलिमीटर जाडीचा, भिंतीपासून चार सेंटिमीटर सुटा असावा आणि नुसत्या टाइलला नव्हे, तर मागच्या विटेपर्यंत किंवा काँक्रीटपर्यंत गेलेल्या बोल्टने जखडलेला असावा. एक कमोडशेजारी, दुसरा नळाजवळ. रबराने भिंतीला चिकटणाऱ्या दांड्यांची पकड केव्हा सुटेल याचा नेम नाही. एरवी मालाची इतकी पारख करणारी घरे इथे स्वस्ताला भुलतात, हे नवलच.

दाराचा विचार तर क्वचितच होतो. दार आत उघडणारे असेल, तर पडलेल्या व्यक्तीच्या शरीरानेच ते अडते आणि मदतीला धावलेले बाहेर खोळंबतात. ते बाहेर उघडणारे करून घ्यावे; कडीही बाहेरून काढता येईल अशी असावी. खुब्याचे हाड मोडल्यास शस्त्रक्रिया होते, परंतु अनेकांचे पूर्वीसारखे स्वतंत्र चालणे परत येत नाही.

पाटावर बसून स्नान करणाऱ्यांना उठताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हा धोका वाढतो. त्यांच्यासाठी रबरी पायांचे भक्कम स्टूल बरे. कमोडची बैठक 45 ते 48 सेंटिमीटर उंच असल्यास गुडघ्यांवर ताण कमी येतो. फरशी खरबरीत आणि रात्री मंद दिवा, एवढे तर हवेच.

पुष्कळदा नकार येतो तो ज्येष्ठांकडूनच; आधार घेणे त्यांना कमीपणाचे वाटते. अशा वेळी दांडे घरातील सर्वच स्नानगृहांत बसवावेत, म्हणजे ते कोणा एकासाठी आहेत असे दिसत नाही. मिस्त्रीचे पैसे चुकते करण्यापूर्वी घरातील सर्वांत वजनदार तरुणाने प्रत्येक दांड्यावर पूर्ण भार टाकून पाहावा.